टाकीआड मनोरा

"उघडी हाय... अजून उघडी हाय... थांब... झाकली. टाक नांगर."

होडीच्या पुढच्या टोकाला उभा राहून, एक डोळा मिटून, उजवा हात किनाऱ्याकडे सरळ ताणून आणि अंगठा वर करून तो माणूस हे म्हणायचा. दर शुक्रवारी सकाळी. मी ते सहा वर्षं ऐकलं, आणि सहा वर्षं मला वाटत होतं की या माणसासारखी नजर अख्ख्या सौदीत कुणाची नसेल. सेफ्टी ऑफिसर म्हणून पगार घेणाऱ्या माणसानं इतकं बावळट असू नये, पण मी होतो.

सौदीचा हा पूर्वेकडचा किनारा ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक असेल, तो पोळपाटासारखा सपाट आहे. डोंगर नाही, कडा नाही, ओळखीचं म्हणावं असं काहीच नाही. पाण्याखाली मात्र पोवळ्याचे खडक आहेत, त्यांच्यावर शेवाळाची रानं आहेत, आणि त्या खडकांच्या कपारीत हामूर राहतो. हामूर म्हणजे आपल्या कोकणातला गोबरा. तोंड एवढं मोठं की बाकीचा मासा त्यामागे उगाच चिकटवलाय असं वाटावं, पण चवीला असा की एकदा खाल्ला की माणूस गल्फमधून लवकर घरी जायचं नाव काढत नाही.

आता पाण्याखालचा खडक वरून दिसत नाही. तो शोधायचा तर किनाऱ्यावरच्या खुणा जुळवायच्या. आमच्या खडकाची खूण होती पाण्याची एक जुनी उंच टाकी आणि तिच्या मागे बराच आत असलेला एका मशिदीचा मनोरा. होडी सरकत असताना मनोरा टाकीच्या बाजूला दिसतोय, म्हणजे खूण उघडी. मनोरा टाकीच्या बरोब्बर मागे लपला, म्हणजे झाकली. उत्तरेला अशीच दुसरी जोडी, लाल-पांढरी चिमणी आणि खजुराच्या बागेचं टोक. दोन्ही जोड्या एका वेळी झाकल्या की नांगर टाकायचा. खाली खडक असणारच.

ही विद्या त्यानं रत्नागिरीच्या खाडीकाठी बापाकडून घेतली होती. तिथं देवळाचा कळस आणि माडाचं झाड जुळवायचे, इथं टाकी आणि मनोरा. बाप गरीवर मासे मारायचा, मुलगा पंचविशीत सौदीला आला आणि क्रेन चालवायला लागला. तीस वर्षं तो क्रेनच्या केबिनमध्ये बसला होता. आमच्या कंपनीच्या यार्डात बिहारी, नेपाळी, मल्याळी, सगळे त्याला चाचा म्हणायचे. मीही चाचाच म्हणायचो.

आमची ओळख भांडणानं झाली. मी नवीन होतो आणि नव्या सेफ्टी ऑफिसरला जी खाज असते ती मलाही होती. चाचा केबिनची काच पुसायला बाहेर आला होता, उंचावर, पट्टा न लावता. मी खालून माझ्या हिंदीत ओरडलो. त्यानं पट्टा लावला, काच पुसून पूर्ण केली आणि मग वरूनच मराठीत विचारलं, "कोल्हापूर का सांगली?"

"मिरज."

"तरीच," तो म्हणाला आणि आत जाऊन बसला.

त्याची क्रेन बघायला मात्र खरंच मजा यायची. सहा टनांचा पाइप उचलून तो असा खाली ठेवायचा की खालचा लाकडी ठोकळा हूं की चूं करायचा नाही. नवीन इंजिनीअर आला की आमचा मॅनेजर त्याला मुद्दाम चाचाची लिफ्ट, म्हणजे माल उचलणं, दाखवायला न्यायचा. खाली सिग्नल द्यायला थापा असायचा, एक ठेंगणा, अबोल नेपाळी. दोघं आठ वर्षं एकत्र होते. इतर सिग्नलमन हातवारे करतात; थापा हातवारे तर करायचाच, शिवाय रेडिओवर सारखा बोलत राहायचा. डावीकडे दोन हात, आता एक हात, आता वीतभर, बस. मला ती पद्धत इतकी आवडली की मी एका सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं, आणि बाकीच्यांनीही असंच बोलत राहावं असं सांगितलं. थापा जमिनीकडे बघत उभा होता. मला वाटलं, लाजतोय.

शुक्रवारी मी राहायचो त्या खोबर शहरातून गाडी घेऊन त्याच्या कॅम्पवर जायचो. पहाटेची फजरची नमाज झाली की तो गेटवर बर्फाची पेटी घेऊन उभा असायचा. धक्क्यावर होडीवाला अबू फहद वाट बघत असायचा. हा म्हातारा सौदी, होडी त्याची स्वतःची, आणि हौस चाचाइतकीच. समुद्रात जायचं तर तटरक्षकांच्या खिडकीत इकामा, म्हणजे इथं राहायच्या परवान्याचं कार्ड, जमा करावं लागतं. ते काम चाचा करायचा, कारण खिडकीतल्या शिपायाच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी तोच करू शकायचा. मी गेलो की शिपायाला माझ्या इकाम्यावरचा फोटो नेहमी संशयास्पद वाटायचा.

होडीत जीपीएसचं यंत्र होतं. खडक जवळ आला की चाचा खांद्यावरचा रुमाल काढून त्या यंत्रावर झाकायचा. खडकाचा पत्ता यंत्रात गेला तर उद्या अख्खं दम्माम इथं येऊन बसेल, असं त्याचं म्हणणं. अबू फहद मान डोलवायचा. यंत्र रुमालाखालीही चालू असतं हे मी एकदा सांगितलं, तेव्हा दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं की मी परत तो विषय काढला नाही.

त्याचे आणखीही नियम होते. मासा लागायच्या आधी माशाचं नाव काढायचं नाही, आणि स्वयंपाकाचं तर अजिबात नाही. पहिल्याच खेपेला मी होडीतून बायकोला फोन करून तांदूळ धुवून ठेवायला सांगितलं. चाचा अर्धा तास माझ्याशी बोलला नाही. त्या दिवशी काही मिळालं नाही, आणि त्याचा दोष आजतागायत माझ्याकडेच आहे.

हामूर गरवायला मला त्यानंच शिकवलं. काठी वगैरे काही नाही. हातात तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, तिला शिसं, गरीला, म्हणजे गळाला, माकुलाचा तुकडा. हामूर आमिष तोंडात घेतो आणि वळून सरळ कपारीत घुसतो. पहिल्या झटक्याला त्याला वर काढला तर काढला. एकदा आत शिरला की कल्ले फुगवून असा अडकून बसतो की दोरी तुटेल पण तो सुटणार नाही. मी चिडून ओढत बसायचो. चाचा माझ्या हातातून दोरी घ्यायचा आणि सैल सोडायचा.

"ओढू नका, साहेब. ढील द्या. आपण गेलो असं त्याला वाटू द्या."

मग आम्ही दोघं काही न करता बसायचो. पाच मिनिटं, कधी दहा. दोरी त्याच्या दोन बोटांत असायची आणि तो दुसरीकडेच कुठंतरी तोंड करून बसलेला. एकदम हात वर जायचा, आणि हामूर कपारीबाहेर आलेला असायचा. त्यानं दोरीकडे कधीच बघितलं नाही. त्याच्या या न बघण्याचं मला भारी कौतुक होतं.

पहिला हामूर मी घरी आणला तेव्हा बायकोनं त्याची आमटी केली आणि मिरजेच्या सवयीनं त्यात शेंगदाण्याचा कूट घातला. पुढच्या शुक्रवारी मी हे चाचाला सहज सांगितलं. त्यानं तिथल्या तिथं होडीतून तिला फोन लावला. "वहिनी, कूट? त्या माशानं तुमचं काय वाकडं केलं होतं?" मग ओलं खोबरं किती, कोकम कधी, आणि उकळी आल्यावर झाकण का ठेवायचं नाही, हे सगळं तिला शिकवलं. तेव्हापासून तो आमच्या घरी जेवायला यायचा. माझी मुलगी त्याच्याशी इंग्रजीत बोलायची, तो तिच्याशी कोकणी मराठीत, आणि दोघांचं छान चालायचं. तिच्या वयाची असताना आपली धाकटी कशी होती, हे तो तिला सांगत बसायचा.

ही धाकटी म्हणजे त्याचा जीव. बायको वारलेली, मोठ्या दोघी सासरी. धाकटी हॉस्टेलवर राहून डॉक्टर होत होती आणि तिचं शेवटचं वर्ष सुरू होतं. मे महिन्यात परीक्षा. चाचाच्या तोंडी मे महिना असा असायचा जसा इतरांच्या तोंडी ईद.

आता त्या शुक्रवारचं सांगतो. डिसेंबर होता, हवा थंड, पाणी शांत. चाचा नेहमीसारखा पुढे उभा. हात ताणलेला, अंगठा वर, डोळा मिटलेला. "उघडी हाय... मनोरा येतोय टाकीकडं... येतोय... झाकली. टाक नांगर."

मी किनाऱ्याकडे बघितलं. टाकी नव्हती.

पंधरा दिवसांपूर्वी ती पाडली होती. मधल्या दोन शुक्रवारी वारा असल्यानं आम्ही गेलो नव्हतो, पण मी त्या रस्त्यानं रोज जायचो, तुकडे नेणारे ट्रक बघितले होते. मनोरा उघड्या आभाळात एकटा उभा होता. त्याला झाकायला तिथं काहीच नव्हतं.

मी अबू फहदकडे बघितलं. तोही किनाऱ्याकडेच बघत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, बोट ओठांवर ठेवलं, इंजिन बंद केलं आणि नांगर टाकला. शिसं खाली गेलं, खडकाला लागलं. आम्ही खडकावरच होतो. आम्हाला तिथं कोण घेऊन यायचं हे मला सहा वर्षांत पहिल्यांदा कळलं.

त्या दिवशी चांगले तीन हामूर मिळाले. चाचा खुशीत होता. धक्क्यावर तो पेटी धुवायला गेला तेव्हा अबू फहद माझ्याजवळ आला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "दो साल."

जुम्म्याची नमाज होईपर्यंत मी मशिदीबाहेर गाडीत बसलो. माझं डोकं चालत नव्हतं असं नाही, उलट फार चालत होतं. थापाचं रेडिओवरचं बोलणं आठवत होतं. त्या लिफ्टखाली उभी राहणारी पोरं आठवत होती. आणि मी केलेलं कौतुक आठवत होतं, ते तर जरा जास्तच.

कॅम्पच्या गेटपाशी गाडी थांबवून मी म्हटलं, "चाचा, टाकी पंधरा दिवसांपूर्वी पाडली."

तो मांडीवरच्या टोपीची घडी घालत होता. ती घालून झाली. मग उलगडून परत घातली.

"मग मनोरा कसा दिसतो आता?"

"उघडा दिसतो."

"बरा दिसत असेल," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. काचबिंदू. एक डोळा गेल्यातच जमा, दुसऱ्यात मधलं थोडं दिसतं, तेही धुकट. गेलेलं परत येणार नाही असं डॉक्टरनं दोन वर्षांपूर्वीच सांगितलेलं. मग वर्षाच्या मेडिकलला पास कसे होता, हे मी विचारलं. तो हसला आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे भिंतीवर जो अक्षरांचा तक्ता असतो तो वरपासून खालपर्यंत म्हणून दाखवला, एक अक्षर न चुकता. तो दवाखाना इतकी वर्षं एकच तक्ता वापरतो. बसमधून जाताना कॅम्पातली माणसं तो पाठ करायची.

मी विचारलं की सरळ सांगून घरी का गेला नाहीत. तेव्हा तो पहिल्यांदा गंभीर झाला. घरी दुसरं कुणी नाही. बाप आंधळा होऊन आलाय हे कळलं की धाकटी त्याच दिवशी हॉस्टेल सोडून येणार. आईच्या आजारपणात ती एकदा तशी आली होती आणि एक वर्ष गेलं होतं. परत आली तर ती परत जाणार नाही, हे तो ओळखून होता. म्हणून मे. परीक्षा झाली की तो आपणहून उतरणार होता.

"पाच महिने, साहेब. फक्त पाच."

"खाली माणसं असतात, चाचा."

"मला ठाऊक हाय. सगळ्यांची नावं ठाऊक हायत."

मी एवढंच म्हटलं की रविवारी तुम्ही वर चढलात तर मी काम थांबवीन. तो पेटी घेऊन उतरला, आणि दार नेहमीसारखं हळू लावलं.

घरी बायकोला सांगितलं. ती आधी म्हणाली, पाच महिन्यांचा तर प्रश्न आहे, थापा आहे ना. मग थोड्या वेळानं विचारलं, खाली कोण कोण उभं असतं? मी सांगितलं. त्यातला एक मागच्याच महिन्यात बाप झाला होता आणि पेढे म्हणून खजूर वाटून गेला होता. तिनं हामूर फ्रीझरमध्ये टाकला.

रविवारी सकाळी मी यार्डात लवकर गेलो. चाचा माझ्याही आधी आला होता. केबिनमध्ये चढला होता, पण इंजिन सुरू केलं नव्हतं. काच आतून-बाहेरून पुसली, पट्टा लावून. चहाचा थर्मास, बसायची उशी, कुराणाची छोटी प्रत, असं सगळं पिशवीत भरून तो खाली आला आणि सरळ माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, लिहा. मला लिहिता येतं, पण कागदावरची रेघ दिसत नाही. मग त्यानं हिंदीत सांगितलं आणि मी लिहिलं, की माझी नजर ठीक नाही, मी स्वतःहून क्रेन सोडतोय. सही कुठं करायची तिथं मी त्याचं बोट नेऊन ठेवलं. थापाबद्दल त्यानं एक अक्षर लिहू दिलं नाही, आणि मीही लिहिलं नाही. नियमानं लिहायला हवं होतं.

थापा त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलला नाही. कामापुरतं हो-नाही, बस. मला राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर शिव्या दिल्या असत्या.

मी मॅनेजरकडे गेलो, त्याच्याही वरच्याकडे गेलो. स्टोअरमध्ये बसवा, गेटवर बसवा, मेपर्यंत कुठंही बसवा म्हणून गळ घातली. पंचावन्न उलटलेल्या, मेडिकल न पास होणाऱ्या माणसाला ठेवता येत नाही, असं सगळ्यांनी फार सभ्यपणे सांगितलं. जानेवारीच्या शेवटी त्याचं फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा शिक्का, लागलं. म्हणजे जे व्हायला नको म्हणून तो दोन वर्षं धडपडत होता ते झालं, आणि ते मी केलं. मी बरोबर केलं. आजही तशीच वेळ आली तर मी तेच करीन. पण बरोबर केलं म्हणून माणसाला झोप चांगली लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे करून बघावं.

जायच्या आधीच्या शुक्रवारी त्यानंच फोन केला. "साहेब, येणार ना?" मला वाटलं होतं तो माझ्याबरोबर परत होडीत बसणार नाही.

अबू फहदनं होडी खडकावर नेऊन उभी केली. चाचानं शिसं खाली सोडलं, बोटांनी चाचपडत तळ बघितला, होडी जरा पुढे घ्यायला लावली, परत सोडलं. "हितंच. कपारीच्या तोंडावर." मग मला पुढे उभं केलं आणि विचारलं, मनोऱ्याच्या पुढं आता काय दिसतं? मी सांगितलं, एक नवी इमारत, काचेची, बहुतेक दवाखाना. तिचा कुठला कोपरा? डावा. मनोरा कोपऱ्याला चिकटलाय का हातभर दूर? चिकटलाय. चिमणी अजून खजुरांना लागूनच हाय ना? आहे. अशी तासभर त्यानं माझी तपासणी केली, होडी दूर नेऊन मला परत शोधायला लावली, चुकलो तेव्हा शिव्याही दिल्या. तिसऱ्या वेळी मी शिसं सोडलं आणि ते खडकावर आपटलेलं मला हाताला कळलं. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. तेवढ्यात अबू फहदनं आपला रुमाल काढून जीपीएसवर टाकला. त्या दिवशी आम्हाला साफी जातीच्या दोन लहान माशांशिवाय काही मिळालं नाही.

विमानतळावर मीच सोडलं. त्याच्या गावाकडचा एक माणूस त्याच विमानानं निघाला होता, त्याच्याबरोबर लावून दिलं. चाकाची खुर्ची देऊ केली तर त्यानं ती अशी नाकारली की ती आणणारा पोरगाच ओशाळला. जाताना मला बाजूला घेऊन एकच गोष्ट मागितली. धाकटीचा कधी फोन आला तर डोळ्यांचं बोलायचं नाही. कॉन्ट्रॅक्ट संपलं, एवढंच. मी कबूल केलं.

म्हणजे आता त्यानं घरी राहून तिच्यापासून लपवायचं ठरवलं होतं. मला ते वेड वाटलं. डॉक्टर होणाऱ्या पोरीपासून डोळे लपवायचे! पण तो फोनवर तयारी सांगायचा तेव्हा मला त्याच्या जुन्या लिफ्ट आठवायच्या. ओटीपासून विहिरीपर्यंत किती पावलं, हे त्यानं पक्कं केलं होतं. पाण्याचा तांब्या, कंदील, काठी, सगळ्याच्या जागा ठरवल्या होत्या. शेजारच्या भावजयीला फितवलं होतं. धाकटी रमजानच्या सुटीत दोन दिवस आली, ईदला परत तीन दिवस. दोन्ही वेळा ती गेल्यावर त्याचा मला फोन आला.

"आली आणि गेली. काय कळलं नाय तिला."

आवाजात असा आनंद की जणू मोठा हामूर अलगद वर आलाय. मीही खूष झालो. खरं सांगायचं तर मीच जास्त खूष झालो, कारण त्याचं लपवणं जमलं तर माझ्या पदरात दोष थोडा कमी पडणार होता.

जूनमध्ये एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. धाकटी होती. पास झाली होती. अब्बांनी सांगितलं, सगळ्यांत आधी साहेबांना कळव. मी अभिनंदन केलं, बायकोनं हातातून फोन घेऊन अभिनंदन केलं, फोन परत माझ्याकडे आला. मग मी दिलेल्या शब्दाप्रमाणं सांभाळून विचारलं, अब्बा काय म्हणतात, तब्येत कशी आहे.

ती म्हणाली, "अंकल, मला माहीत आहे. तुम्ही लपवू नका आता."

"कधी कळलं?"

"रमजानमध्ये. पहिल्याच दिवशी. मी घरात शिरले, अब्बा ओटीवर बसले होते. मला जवळ घेतलं, नीट बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, 'वेणी किती लांब झाली गो तुझी.'"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"केस मी मागच्याच वर्षी कापलेत, अंकल. मानेपर्यंत."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, हो अब्बा, रोज तेल लावते. मग आत गेले, तोंड धुतलं आणि पुस्तक उघडून बसले. त्यांना पान उलटल्याचा आवाज जायला हवा होता."